उणे दोन फूट

सोलापुरातल्या आमच्या कचेरीत दर सोमवारी एक खाकी पाकीट यायचं, आणि ते कुणी फोडायचं यावरून आम्हा चार कारकुनांत चढाओढ चालायची. एरवी टपाल फोडायला कुणी पुढं होत नसे. शिपाई ओरडून थकायचा आणि शेवटी पाकिटं आमच्या टेबलांवर पत्ते वाटल्यासारखी वाटून टाकायचा. पण हे पाकीट माढा तालुक्यातून, सीना नदीच्या काठावरून यायचं आणि ते पाठवायचे पट्टीमास्तर.

पट्टीमास्तर हे नाव आमचं. सरकारच्या लेखी ते गेज रीडर होते. नदीच्या पात्रात पांढऱ्या रंगाची, काळ्या आकड्यांची एक उभी पट्टी रोवलेली असते. पाणी कुठल्या आकड्याला लागलं ते सकाळ-संध्याकाळ वाचायचं, पूर आला तर तासातासाला वाचायचं, आणि आठवड्याचा तक्ता सोलापूरला धाडायचा, एवढंच त्यांचं काम. माझं काम त्याहून सोपं. ते आकडे मी सुवाच्य अक्षरात मोठ्या रजिस्टरात उतरवायचो. माझी नोकरी तात्पुरती होती, अक्षर मात्र कायम स्वरूपाचं चांगलं होतं.

तक्त्याच्या कडेला 'शेरा' असा एक चिंचोळा रकाना असे. बाकीच्या ठिकाणचे गेज रीडर त्यात 'निरंक' लिहून मोकळे व्हायचे. मास्तरांना तो रकाना कधी पुरला नाही. 'खेकडे बिळे सोडून वर चढले, पाणी वाढेल.' 'पाण्याला मातीचा वास, वरच्या अंगाला काठ ढासळला असावा.' 'खंड्या आज आला नाही. कारण कळले नाही.' एकदा तर नुसतंच, 'आज नदी बघण्यासारखी आहे. कुणीतरी येऊन जावे.' साहेबांनी त्याच्याखाली लाल शाईनं 'प्रयोजन काय?' असं लिहून तक्ता परत पाठवला. पुढच्या सोमवारी उत्तर आलं, 'प्रयोजन नाही. चांगली दिसते.'

पगाराला ते महिन्यातून एकदा सोलापुरात यायचे. उंच, काटकुळे, गुडघ्यापर्यंत दुमडलेला पायजमा. तो पायजमा कचेरीतही दुमडलेलाच असे, जसं काही साहेबांच्या टेबलाखालून एखादा ओढा वाहणार आहे. हातात वहाणा. रस्त्यानं चालताना वहाणा पायात आणि कुठं बसले की हातात, अशी त्यांची उलटी तऱ्हा. आल्या आल्या ते माठातलं पाणी प्यायचे, पण गिळण्याआधी तोंडात घोळवायचे आणि निकाल द्यायचे, "हे तळ्याचं हाय." एकदा आम्ही शिपायाला सांगून तळ्याचं आणि नदीचं पाणी मिसळून ठेवलं. मास्तरांनी घोट घोळवला, आमच्या चौघांच्या तोंडांकडं बघितलं आणि म्हणाले, "दोन्ही हायत. अन् तुमाला काम कमी हाय."

असल्या माणसाशी कचेरीचं पटणं अवघडच. एकदा वरून परिपत्रक आलं की पट्टीच्या आसपासचा काठ साफ करावा, झाडझाडोरा तोडावा, म्हणजे मोजमाप नेमकं येईल. मास्तरांच्या पट्टीपाशी करंजाची तीन झाडं होती, एक उंबर होता आणि काठाला लव्हाळ्याची दाट पट्टी. त्यांनी परिपत्रकाला उत्तर लिहिलं: 'करंज काढले तर काठ जातो. काठ गेला तर पट्टी जाते. पट्टी गेली तर मी जातो. यातले आधी काय काढायचे ते कळवावे.' साहेबांनी काहीच कळवलं नाही. झाडं राहिली, आणि पुढच्या पुरात पलीकडचा उघडा काठ दोन ठिकाणी वाहून गेला तेव्हा मास्तरांनी शेऱ्यात लिहिलं, 'करंज जागेवर.'

मला त्यांची गंमत वाटायची, आणि सगळे वाटून घेतात तशी मीही ती वाटून घ्यायचो. पण ती गंमत एकदा माझ्यावर उलटली. वैशाखातली गोष्ट. वळवाच्या सरी झाल्या होत्या आणि एका आठवड्याचं पाकीट वाटेत कुठंतरी हरवलं. रजिस्टरात सात कोऱ्या ओळी राहिल्या. कोरी ओळ मला बघवत नसे. आधीच्या शनिवारचा आकडा माझ्यापाशी होता, नंतरच्या रविवारचा होता, आणि रविवारचा थोडा जास्त होता. मी मधल्या दिवसांत पाणी बेताबेतानं चढवलं, एका दिवशी सर पडली असेल म्हणून फूटभर वर नेलं, पुन्हा अलगद उतरवलं. रजिस्टर इतकं सुंदर दिसायला लागलं की मी दोनदा उघडून बघितलं.

पगाराच्या दिवशी मास्तर आले आणि सहज म्हणून माझं रजिस्टर चाळायला लागले. मग त्यांनी बोट ठेवलं.

"गुरुवारी नदी फूटभर चढली व्हय?"

"चढली असणार. सर झाली ना?" मी म्हणालो.

"मग टिटवीची अंडी कोरडी कशी?"

मला काहीच कळेना. बाकीचे तीन कारकून खुर्च्या वळवून बसले.

"पट्टीपासून चार पावलांवर खडकाळ बेटाय," मास्तर सावकाश सांगायला लागले. "त्यावर टिटवीनं चार अंडी घातल्याती. पान्यापासून वीतभर उंच. तुमी गुरुवारी फूटभर पानी सोडलंत. म्हंजे टिटवी वाहून गेली, अंडी वाहून गेली. अन् काल मी बघितलं तर पिल्लं पळत हुती. आता मला सांगा, तुमचं पानी पिल्लांच्या अंगावरनं गेलं का खालनं?"

कचेरी हसून लोळत होती. माझे कान तापले. मास्तरांनी मला रूळ आणून दिला, त्या सात ओळी माझ्याकडूनच खोडून घेतल्या आणि वर लिहायला लावलं, 'माहीत नाही.'

"असं लिहिलेलं चालत नाही, मास्तर."

"का? माहीत न्हाई म्हनायला सरकारनं कुटं बंदी घातलीया?"

यातून मी शहाणा व्हायला हवं होतं. झालो नाही, कारण पुढची चूक मला चूक वाटलीच नाही, टापटीप वाटली.

बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच. सांगोल्याकडं टँकर धावायला लागले, रस्त्यांवर खडी फोडायची कामं निघाली, आणि संक्रांतीच्या आधीच सीनेचं पात्र पांढरं पडलं. पट्टी वाळूत उघडी उभी राहिली. इतर नद्यांवरच्या तक्त्यांत 'कोरडे' किंवा शून्य असं यायला लागलं. मास्तरांच्या तक्त्यात आलं, 'उणे एक फूट.' दुसऱ्या आठवड्यात 'उणे एक फूट तीन इंच.' मी शिपायाकरवी निरोप पाठवला की बाबा, नदी उणे कशी असेल? उत्तर शेऱ्यातच आलं. 'नदी आटली म्हणू नये. खाली गेली म्हणावे. वाळूत झिरा खणला आहे. पट्टीच्या शून्यापासून खाली दोरी सोडून मोजतो.'

झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा. हळूहळू पाणी झिरपून त्यात साठतं. काठच्या तीन गावांच्या विहिरी आटल्या होत्या आणि ती गावं आता या झिऱ्यांवरच पीत होती. मास्तर पगाराला आले की कचेरीत उभं राहून ज्याला त्याला समजावायचे. "वाळू म्हंजे नदीचा रांजण. वरनं ऊन लागतं, आत गार पानी ऱ्हातं. वरचं वाहून गेलं तरी रांजणातलं ऱ्हातं." लोक मान डोलवायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

मीही डोलवली. पण माझ्या रजिस्टरात उणे लिहायला रकाना नव्हता. छापील रकाना शून्यापासून वर सुरू होत होता. खाली मांडलेला आकडा परिशिष्टात घ्यावा तर परिशिष्टाचा कागद संपला होता. तेव्हा मास्तरांचं प्रत्येक उणे मी शून्य करून टाकलं. चांगल्या अक्षरात, एकाखाली एक, पाच महिने शून्यं. मूळ तक्ते कपाटात नीट बांधून ठेवले आणि शेरे मात्र वाचून हसत राहिलो.

वैशाख लागता लागता साहेबांच्या सहीला एक कागद आला. एका कंत्राटदाराला पुलाच्या कामासाठी सीनेतली वाळू उचलायची होती. साहेबांनी मला विचारलं, नदीची स्थिती काय? मी रजिस्टर उघडून दाखवलं. त्यांनी मजकूर सांगितला आणि मीच टंकलेखन यंत्रावर तो बडवला: 'नोंदीनुसार पात्र पाच महिने पूर्ण कोरडे असल्याने हरकत नाही.'

चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला मास्तर कचेरीच्या दारात उभे राहिले. पगाराचा दिवस नव्हता. डोक्यापासून पायापर्यंत धूळ, बगलेत त्यांची स्वतःची वही. त्या दिवशी ते माठाकडं गेलेच नाहीत. सरळ माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "रजिस्टर."

मी दिलं. त्यांनी पानं उलटली. पाच महिन्यांची शून्यं त्यांनी एकेक करून बघितली. मला वाटलं आता टिटवीसारखं काहीतरी बोलतील, सगळी कचेरी हसेल आणि मी सुटेन. ते एवढंच म्हणाले, "अक्षर मोत्यासारखं हाय." इतकं टोचून मला आजवर कुणी बोललेलं नाही.

साहेबांनी त्यांना पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि सांगितलं की कागद निघाला आहे, आता काही होत नाही. मास्तर बाहेर आले आणि साहेबांच्या दाराशी जमिनीवर मांडी घालून बसले, वहाणा मांडीवर. अकरा वाजले. ते उठले, दार लोटलं आणि आत डोकं घालून म्हणाले, "साहेब, अकरा. दोन ट्रक गेले असतील." पुन्हा येऊन बसले. बारा वाजता उठले. "साहेब, बारा. चार." एकला, "सा." पूर आल्यावर तासातासाला आकडा कळवायचा नियम होता आणि मास्तर नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकत नव्हते. साहेब जेवायला बसले तेव्हा डब्याच्या झाकणाशेजारी आवाज आला, "दोन वाजले. आठ." बाकीच्या कारकुनांना हसू दाबता येईना आणि मला हसताही येईना. कारण तीन गावांचं पाणी ट्रकमागं ट्रक चाललं होतं आणि ती वाट मी टाइप करून दिली होती. चार वाजता साहेब ओरडले, "उद्या येतो मी तिकडं! आता घरी जा!"

दुसऱ्या दिवशी जीपमधून साहेब, रजिस्टर आणि रजिस्टर धरायला मी, असे सीनेवर गेलो. ती नदी मी त्याआधी फक्त आकड्यांत बघितली होती. करंजाखाली हिरवी सावली होती. पात्रात जागोजाग झिरे होते आणि शेरडं तोंड घालू नयेत म्हणून त्यांवर बाभळीच्या फांद्या झाकलेल्या होत्या. वरच्या अंगाला दोन ट्रक उभे होते, आणि जिथं वाळू उचलली होती तिथं काळा खडक उघडा पडला होता. तिथला झिरा कोरडा ठाक होता.

साहेबांची पँट पांढरी, परीटघडीची. कंत्राटदाराचा मुकादम आमचाच कागद आमच्याच तोंडासमोर नाचवत होता. "कोरडं हाय म्हनून तुमीच लिवलंय की. हितं कुटं दिसतंय पानी?"

मास्तरांनी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. "साहेब, ऊन लई हाय. उंबराखाली बसून बोलू की," असं म्हणून त्यांनी उंबराच्या सावलीत, पात्राच्या कडेच्या एका खोलगट जागेत वरची वाळू हातानं बाजूला सारली, चांगली वीतभर. "बसा. हितं गार लागंल." साहेब खरंच दमले होते, बसले. मग मास्तरांनी बोलायला जो आरंभ केला! वही उघडून एकेका दिवसाचं उणे, खेकडे किती खोल गेले, उंबराची मुळं कुठवर उतरली, लव्हाळा कुठं हिरवा आणि कुठं पिवळा. अर्धा तास. साहेब चक्क ऐकत होते. शेवटी मुकादम कंटाळून म्हणाला, "साहेब, कोरड्या वाळूत बसून पान्याच्या गोष्टी कशाला?"

"खरं हाय," मास्तर म्हणाले. "साहेब, उठा जरा."

साहेब उठले. त्या परीटघडीच्या पँटच्या मागच्या बाजूला ताटाएवढा ओला गोल उमटला होता. साहेबांनी हात लावून बघितला, हाताकडं बघितलं, मुकादमाकडं बघितलं. मुकादमानं कागदाची घडी घातली.

वाळूचं काम तिथल्या तिथं थांबलं. ट्रक रिकामे परत गेले. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच साहेबांनी रजिस्टर माझ्या हातातून ओढलं. ओल्या पँटनं त्यांचा पारा चढला होता.

"मग ही शून्यं कशी आली इथं?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला तीन गावं आठवली नाहीत, माझी तात्पुरती नोकरी आठवली.

"म्याच सांगितलं हुतं त्यास्नी," मास्तर म्हणाले. "पट्टीला पानी न्हाई म्हंजे पट्टीचा आकडा शून्य. त्यो खराय. वाळूखालचं उणे ते निराळं माप. तेबी खरंय. म्या आपलं दोन्ही मापायचो."

"कुणाच्या परवानगीनं?"

"कुनाच्याच न्हाई."

साहेबांना कागदावर लिहायला काहीतरी हवं होतं, ते मिळालं. परवानगीशिवाय दोन प्रकारची मापं घेतल्याबद्दल मास्तरांची बदली झाली. करमाळ्याला, सिमेंटच्या गोदामात. आयुष्यभर ओल शोधलेल्या माणसाला पोत्यांना ओल लागू नये म्हणून राखण करायला पाठवलं.

ते निघाले त्या दिवशी मी सोलापूरच्या स्टँडवर गेलो. खिशात साहेबांच्या नावचा अर्ज होता, चूक माझी आहे, मास्तर निर्दोष आहेत, असा. रात्रभर जागून तो चांगल्या अक्षरात लिहिला होता. मास्तर ट्रंकेवर बसले होते. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि आपल्या खिशात टाकला.

"मास्तर, तो साहेबांना द्यायचाय!"

"द्या की. पाऊस पडून नदी वाहती झाली की द्या. तवर माज्याकडं ऱ्हाऊ द्या."

"पण माझी चूक तुम्ही अंगावर का घेतली?"

"तुमी म्हनला असता की आकडे तुमी बदलले, तर त्यो मुकादम काय म्हनला असता? सगळं रजिस्टरच खोटं. मग माजी वहीबी खोटी. सांजच्याला ट्रक परत आले असते." ते माझ्याकडं बघून हसले. "तुमाला काय वाटलं, तुमच्यावर माया म्हनून?"

मला अगदी तसंच वाटलं होतं. वाईट वाटलं, आणि ते तोंडावर दिसलं असावं.

"माया हाय की," मास्तर म्हणाले. "पर नदीवर जास्ती." मग गाडी लागली तशी ट्रंक उचलता उचलता सांगितलं, "अन् माज्या जागी उन्हाळाभर तुमाला धाडा म्हनून साहेबाला सांगून आलोय. ते व्हय म्हनले."

"अहो, मला विचारायचं तरी!"

"शून्य लिवताना नदीला इचारलं हुतं का तुमी?"

गाडी गेली. दुसऱ्याच दिवशी मी तक्त्यांची चवड, दोरी आणि कपाळाला आठ्या घेऊन सीनेवर हजर व्हायला निघालो. सोलापूर सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. पहिली एस.टी. चुकवली, दुसरीनं गेलो, फाट्यावर चहा घेतला, आणि रमतगमत नदीवर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते.

करंजाखाली तिन्ही गावांच्या बायका बसल्या होत्या. तीस-चाळीस असतील. प्रत्येकीपुढं घागर. मला वाटलं, पाणी भरून विसाव्याला बसल्या असतील. जवळ जाऊन बघितलं तर सगळ्या घागरी रिकाम्या होत्या. झिऱ्यांवरच्या बाभळीच्या फांद्यासुद्धा काढलेल्या नव्हत्या.

"काय झालं? पाणी संपलं का?" मी घाबरून विचारलं.

"न्हाई की," त्यांतली एक म्हातारी उठली. "मापायचं हाय न्हवं? घागर बुडाली की पानी हलतं, आकडा खोटा येतो. मास्तर आल्याबिगर आमी कवा बुडवत न्हाई. त्यो दिस उगवायला यायचा. तुमीच का नवं मास्तर?"

"तुम्ही कधीपासून बसलाय?"

"तांबडं फुटल्यापासनं."

मी धावत जाऊन फांदी काढली, दोरी सोडली. खात्री व्हावी म्हणून पुन्हा सोडली. उणे दोन फूट. आकडा मी मोठ्यानं सांगितला आणि गुडघ्यावर तक्ता ठेवून लिहिला. कुणीच हललं नाही. म्हातारी शेजारी येऊन कागदाकडं वाकून बघत होती. तिला वाचता येत नसावं.

"लिवलं?"

"लिहिलं."

"नीट लिवलं न्हवं?"

मी तो आकडा पुन्हा एकदा बघितला आणि हो म्हणालो. तेव्हा तिनं घागर बुडवली.